भारत दक्षिण गोलार्धातून इथवर आला कसा? खंडांच्या प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खंड सरकतात हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण ते कशावरून ठरलं, हे विचारलं की बहुतेकांची गाडी ब्राझील आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर अडते. इथे उत्तरं देताना मुख्य उदाहरण भारताचं घेतलं आहे. एक तर आपल्या भूमीचा प्रवास लांब पल्ल्याचा आहे. शिवाय त्याचे पुरावे चंद्रपूरच्या खाणींपासून हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या ज्वालामुखीपर्यंत पसरलेले आहेत.

खंड सरकतात म्हणजे नेमकं काय सरकतं? ते समुद्रावर तरंगतात का?

नाही. समुद्र हा पृथ्वीच्या पाठीवरचा पाण्याचा पातळ थर आहे, त्याखालीही खडकच आहे. सरकतात ते भूपट्ट. भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा (कवचाखालच्या जाड खडकाळ थराचा) वरचा कडक भाग मिळून एक पट्ट बनतो. त्याची जाडी साधारण १०० किलोमीटर, जुन्या खंडांखाली त्याहून जास्त. आपण ज्या पट्टावर आहोत त्यावर भारतीय उपखंड आहे, तसाच अरबी समुद्राचा आणि बंगालच्या उपसागराचा बराचसा तळही आहे. जमीन आणि समुद्रतळ बरोबरच प्रवास करतात. खंड समुद्रतळ नांगरत पुढे जातो, ही जुनी कल्पना चुकीची ठरली.

भारत आधी कुठे होता?

दक्षिण गोलार्धात, गोंडवाना नावाच्या महाखंडाचा भाग म्हणून. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, मादागास्कर, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया हे शेजारी. हे नाव आपल्याकडचंच: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ च्या सुमाराला मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून ते खडकांना दिलं. पुढे ऑस्ट्रियातले एडुआर्ड झ्यूस यांनी ते साऱ्या दक्षिणी महाखंडाला लावलं.

या महाखंडाची फाटाफूट हप्त्याहप्त्याने झाली. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी भारत, मादागास्कर आणि अंटार्क्टिका हा गट आफ्रिकेपासून सुटू लागला. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून वेगळा झाला. ९ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास मादागास्कर मागे राहिलं आणि ६.३ कोटींच्या सुमाराला सेशेल्स बेटं. त्यानंतर भारत एकटाच उत्तरेकडे निघाला आणि साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. धडकेची नेमकी वेळ हा भूवैज्ञानिकांचा जुना वाद आहे. कोणी ६ कोटी म्हणतं, कोणी ४.

ब्राझील आणि आफ्रिकेचे किनारे जुळतात, हाच मुख्य पुरावा ना?

पाठ्यपुस्तकात तो पहिला येतो, पण माझ्या मते सगळ्यात लंगडा पुरावा तोच. नुसता आकार जुळणं हा योगायोगही असू शकतो, शिवाय किनारा ही समुद्राच्या पातळीनुसार बदलणारी रेघ आहे. खंडाची खरी कड पाण्याखाली, सागरमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ तळाच्या) उतारावर असते. १९६५ मध्ये केंब्रिजच्या एडवर्ड बुलर्ड आणि सहकाऱ्यांनी संगणक वापरून साधारण ९०० मीटर खोलीवरच्या कडा जुळवून पाहिल्या. त्या किनाऱ्यांपेक्षा कितीतरी चांगल्या बसल्या.

तरीही वजन येतं ते दोन्ही बाजूंचा मजकूर जुळल्यावर. बसाल्ट म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक. ब्राझीलमधला पाराना बसाल्ट आणि नामिबियातला एटेंडेका बसाल्ट हे सुमारे १३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच लाव्हा-पठाराचे दोन तुकडे आहेत. मेसोसॉरस हा उथळ पाण्यात राहणारा छोटा सरपटणारा प्राणी ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेच्या आसपासच सापडतो. तो अटलांटिक पोहून गेला असेल, हे पटत नाही.

वेगेनरची कल्पना बरोबर होती, तर त्याला इतका विरोध का झाला?

आल्फ्रेड वेगेनर हे जर्मन हवामानशास्त्रज्ञ. त्यांनी १९१२ च्या जानेवारीत फ्रँकफुर्टमध्ये ही कल्पना मांडली आणि १९१५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ‘बाहेरचा माणूस म्हणून भूशास्त्रज्ञांनी त्याला हिणवलं’ ही कथा लोकांना आवडते आणि ती अर्धी खरीही आहे. पण विरोधकांकडे ठोस मुद्दे होते. खंड कशामुळे सरकतात, याला वेगेनरनी दिलेली कारणं म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यातून येणारा विषुववृत्ताकडचा जोर आणि भरती-ओहोटीचं बल. दोन्ही हजारो-लाखो पटींनी अपुरी, हे हॅरल्ड जेफ्रीज यांच्यासारख्यांनी हिशेबाने दाखवलं. ग्रीनलंड दरवर्षी कित्येक मीटर सरकतं, असा वेगेनरचा दावा होता. तोही मोजमापातल्या चुकांमुळे फुगलेला होता. प्रत्यक्ष वेग सेंटिमीटरांत निघाला.

म्हणजे निष्कर्ष बरोबर, पण कारण चूक. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेवरच वारले. त्याच सुमाराला आर्थर होम्स यांनी प्रावरणातल्या अभिसरणाची (तापलेला खडक वर येतो, थंड झालेला खाली जातो, अशी) कल्पना मांडली होती, पण पुढची तीस वर्षं तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

महाराष्ट्रात याचा काही पुरावा आहे का?

आहे, आणि तो चंद्रपुरात आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई इथे चुनखडीच्या पृष्ठभागावर लांबच लांब समांतर ओरखडे आहेत. तळाला दगड अडकलेली हिमनदी खडकावरून घासत गेली की असे ओरखडे उठतात. ओडिशातल्या तालचेरचा याच काळातला गोटे-मातीचा थर हिमनद्यांनी आणून टाकलेला आहे, हे ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच ओळखलं होतं. काळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा.

असेच थर दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही आहेत. खंड आज आहेत तिथेच होते असं धरलं, तर उष्ण कटिबंधात बर्फ आणि त्याच वेळी उत्तर अमेरिका-युरोपात दमट दलदली, असं विचित्र चित्र उभं राहतं. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे ब्राझीलमधल्या ओरखड्यांवरून तिथलं बर्फ आजच्या समुद्राच्या बाजूकडून जमिनीवर आलेलं दिसतं. बर्फाचे थर समुद्रातून वर चढत नाहीत. तिथे आफ्रिका चिकटवा, मग बर्फ एका मोठ्या दक्षिणी टोपीतून चारी बाजूंना पसरलेलं दिसतं.

बर्फ ओसरल्यावर तिथे ग्लोसोप्टेरिसची जंगलं वाढली. जिभेसारख्या आकाराची पानं असलेली ही झाडं दलदलीत गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. बल्लारपूर, वणी, उमरेड, कामठी इथला कोळसा हाच. त्या काळच्या लाकडात वाढीची वर्तुळं ठळक दिसतात, म्हणजे तिथे कडक हिवाळे होते. नागपूरला मिशनरी म्हणून आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातले वनस्पती-जीवाश्म गोळा केले होते आणि १८६१ मध्ये त्यांचं वर्णन लंडनमध्ये छापून आलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

आता दुसरं टोक. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार उपासमारीने आणि थंडीने मेले. पण अंटार्क्टिकातल्या बीअर्डमोर हिमनदीजवळ उचललेले सुमारे १६ किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत टाकले नव्हते. त्यांत ग्लोसोप्टेरिसची पानं निघाली.

प्राणी आणि बिया बुडालेल्या जमिनीवरून गेल्या नसतील का? लेमुरिया, कुमारी कंदम वगैरे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण एकोणिसाव्या शतकात तो गंभीर सिद्धांत होता. प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी १८६४ मध्ये लेमुरिया सुचवला तो मादागास्कर आणि भारतातल्या प्राण्यांमधलं साम्य समजावण्यासाठी. अडचण अशी की खंडाचं कवच हलक्या, ग्रॅनाइटसारख्या खडकांचं आणि ३०-४० किलोमीटर जाड असतं. ते जड प्रावरणात बुडून नाहीसं होऊ शकत नाही. हिंदी महासागराचा तळ तपासला तेव्हा तिथे मुख्यतः तरुण बसाल्ट निघाला. सेशेल्ससारखे खंडाचे लहान तुकडे आहेत, पण बुडालेला महाखंड नाही. कुमारी कंदमचा तमिळ साहित्यातला वारसा वेगळा आहे, त्याला भूशास्त्राचा आधार जोडायला जाऊ नये.

खडक स्वतःचं जुनं ठिकाण ‘लक्षात ठेवतो’ म्हणजे काय?

मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात देखणा पुरावा हाच. लाव्हात मॅग्नेटाइट या लोहयुक्त चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना हे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात आणि ती दिशा कायम राहते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्तावर आडवं असतं आणि ध्रुवांवर उभं. त्यामुळे दिशा किती कललेली आहे यावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला, हे सांगता येतं.

सह्याद्रीच्या बसाल्टमधला हा कल आजच्या अक्षांशाशी अजिबात जुळत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात थिजले होते असं त्यावरून निघतं. म्हणजे तेव्हापासून साधारण ५,००० किलोमीटर उत्तरेकडे.

केंब्रिजच्या एडवर्ड अर्विंग या विद्यार्थ्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून मागवलेल्या खडकांवर असं मोजमाप केलं आणि भारत हजारो किलोमीटर उत्तरेकडे सरकल्याचं दाखवलं. विषय इतका नवा होता की परीक्षकांनी त्याला डॉक्टरेट नाकारली. १९५६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने दख्खनच्या खडकांवरचे निष्कर्ष छापले. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी हे काम पुढे नेलं. जगभरचे भूशास्त्रज्ञ अजून मान डोलवायला तयार नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मग सगळ्यांना पटलं कधी?

समुद्राचा तळ वाचता आला तेव्हा. मेरी थार्प यांनी १९५० च्या दशकात अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढताना मध्यभागच्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक लांबलचक दरी ओळखली. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी मांडलं की अशा रांगांवर नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो.

त्याची परीक्षा आपल्या समुद्रातच झाली. १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने हिंदी महासागराच्या वायव्य भागातल्या कार्ल्सबर्ग रांगेचं चुंबकीय सर्वेक्षण केलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटं होतं, शेवटचं उलटलं ते सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी. तळ खरोखरच रांगेवर तयार होऊन दोन्हीकडे सरकत असेल, तर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे रांगेला समांतर आणि दोन्ही बाजूंना सारख्या क्रमाने दिसायला हवेत. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये हे मांडलं. कॅनडाच्या लॉरेन्स मोर्ले यांनाही स्वतंत्रपणे हेच सुचलं होतं, पण त्यांचा लेख नाकारला गेला. पुढच्या चार-पाच वर्षांत इतर महासागरांतही तेच पट्टे दिसले आणि १९६८ पर्यंत भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला.

पट्ट्यांमधलं अंतर मोजलं की वेग मिळतो. भारताचा सगळा प्रवास असा अक्षरशः समुद्रतळावर नोंदलेला आहे. खंडांवर ४०० कोटी वर्षांपूर्वीचे खडक सापडतात, पण महासागरांचा तळ जवळपास सगळीकडे १८ कोटी वर्षांहून तरुण आहे. जुना तळ समुद्रतळातल्या खोल खंदकांतून परत प्रावरणात जातो.

सह्याद्रीचा आणि रियुनियन बेटाचा काय संबंध?

दोन्ही एकाच भट्टीतून आले. मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन बेटावर आजही जागता ज्वालामुखी आहे. त्याच्या खाली खोलवरून गरम प्रावरण वर येतं आणि पट्ट त्यावरून सरकत राहतो. शिवणयंत्राची सुई जागेवर असते आणि कापड सरकतं, तशी त्या उष्ण जागेवरून टाक्यांची रांग पडली आहे: दख्खन, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि रियुनियन.

१९८७ मध्ये जहाजावरून तळाला छिद्रं पाडून या रांगेची वयं तपासली. दख्खन ६.६ कोटी, मालदीवजवळ ५.७ कोटी, चागोसजवळ ४.९ कोटी. दक्षिणेकडे जावं तसं वय उतरत जातं. मॉरिशस तर एक कोटी वर्षांहूनही तरुण आहे. मधे एक खोच आहे: वाटेत मध्य-महासागरी रांग त्या उष्ण जागेवरून पलीकडे गेली, त्यामुळे मॉरिशस आणि रियुनियन आज आफ्रिकेच्या बाजूच्या पट्टावर आहेत. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींच्या पायाखालचा काळा दगड महाबळेश्वरच्या दगडाचा धाकटा भाऊ आहे, असं म्हणायला हरकत नाही.

सेशेल्स खरंच भारताचा तुकडा आहे?

हो. सेशेल्सच्या मुख्य बेटांवर सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइट आहेत. भर महासागरातल्या बेटांवर सहसा ज्वालामुखीचा खडक किंवा प्रवाळ असतं, ग्रॅनाइट नव्हे. त्याच काळातले खडक राजस्थानात आणि मादागास्करमध्ये आहेत.

या फाटाफुटीची खूण कोकणातही दिसते. पश्चिम कडा तुटताना भूकवच ताणलं गेलं आणि पनवेलच्या आसपास एरवी आडवे असणारे बसाल्टचे थर समुद्राकडे कलले. घाटाचा कडा पश्चिमेला सरळ कोसळतो आणि पूर्वेला पठार हळूहळू उतरतं. याचं मूळ या तुटलेल्या, वर उचललेल्या कडेत शोधलं जातं. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, अरबी समुद्र तिथून शंभरेक किलोमीटरवर, पण ती १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते.

जिवंत पुरावाही आहे. २००३ मध्ये केरळच्या पश्चिम घाटातून जांभळ्या, फुगीर, टोकदार नाकाच्या एका बेडकाचं शास्त्रीय वर्णन झालं: नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस. वर्षभर जमिनीखाली आणि पावसाच्या तोंडाला थोडे दिवस वर. त्याच्या कुळाचे सगळ्यात जवळचे नातलग भारतात नाहीत, सेशेल्समध्ये आहेत. आणि बेडकांना सहसा खारं पाणी सोसत नाही.

हिमालयात सागरी जीव कसे सापडतात?

भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली गेला आणि काठावरचा गाळ चुरगळून वर उचलला गेला. अनेक घरांच्या देव्हाऱ्यात असलेला शाळिग्राम नेपाळमधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातून येतो. त्यातली चक्राकार खूण बहुधा अमोनाइट या सागरी प्राण्याच्या शंखाची असते. एव्हरेस्टच्या शिखरावरची चुनखडीसुद्धा समुद्रात साचलेली, ४५ कोटी वर्षांच्या आसपासची. लडाखमध्ये सिंधूच्या काठाने समुद्रतळाचे तुकडे, पाण्याखाली थिजलेल्या लाव्हाच्या उशांसकट, जमिनीवर पडलेले आहेत. दोन खंडांमधला सांधा तो.

भारत इतक्या वेगाने का आला?

६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वेग वर्षाला १५ ते १८ सेंटिमीटर होता, हा खंडांसाठी फारच मोठा आकडा. कारणांवर एकमत नाही. कोणी रियुनियनच्या उष्ण प्रावरणाचा धक्का सांगतं, कोणी भारताखालचं शिलावरण (म्हणजे पट्टाचा कडक थर) तुलनेने पातळ असल्याचं, तर कोणी टेथिसचा तळ एकाच वेळी दोन ठिकाणी खाली खेचला जात असल्याचं. मला तिसरं स्पष्टीकरण जास्त पटतं.

पट्टांना मुळात ढकलतं कोण?

ढकलण्यापेक्षा ओढणं महत्त्वाचं. थंड, जड झालेला समुद्रतळ खंदकात बुडतो आणि मागच्या पट्टाला ओढतो. मध्य-महासागरी रांगांच्या उतारावरून येणारा रेटा त्यामानाने कमी. प्रावरण हे द्रव नव्हे. तो घन खडकच, पण तापल्यामुळे लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतो.

हे आज मोजता येतं का?

येतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९९० च्या दशकापासून कायमस्वरूपी जीपीएस केंद्र आहे. त्यासारख्या केंद्रांच्या नोंदींनुसार भारत वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे जातो. त्यातले जवळपास २ हिमालयात साठतात आणि मोठ्या भूकंपांत मोकळे होतात.

किल्लारी आणि कोयनेचे भूकंप यामुळेच झाले का?

अप्रत्यक्षपणे. दोन्ही ठिकाणं पट्टाच्या कडेपासून खूप दूर आहेत. पण हिमालयातल्या रेट्याचा ताण सगळ्या पट्टात पसरतो आणि खोलवरच्या जुन्या, कमकुवत भेगांवर कधीतरी सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप असाच. कोयनेला, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात, धरणाच्या पाण्याचीही भर पडली. ताण आधीच होता, पाण्याने भेग सुटायला मदत केली.

पृथ्वी फुगते आहे म्हणून खंड दूर गेले, असं एका व्हिडिओत पाहिलं.

नाही. रांगांवर जितका तळ तयार होतो तितकाच खंदकांत नष्ट होतो, आणि उपग्रहांच्या मोजमापात पृथ्वीची त्रिज्या वाढताना दिसत नाही.

शाळेच्या प्रकल्पासाठी काही करून पाहता येईल?

नकाशा कापून खंड जुळवणार असाल, तर किनाऱ्याची रेघ सोडा आणि उथळ समुद्राच्या फिकट निळ्या पट्ट्याच्या बाहेरून कापा. भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाशी लावून पाहा. भारताचं ‘भारती’ हे संशोधन केंद्र ज्या भागात आहे, तिथले खडक पूर्व घाटाशी जोडले जातात. या केंद्राचा कारभार गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

आणि कोकणात गेलात तर पुळणीवर जिथे काळ्या वाळूचे पट्टे दिसतात, तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जे काळे कण चिकटतील, त्यांतले बरेच मॅग्नेटाइटचे. बसाल्ट झिजून सुटे झाल्यावर त्यांची जुनी दिशा हरवते, म्हणून अक्षांश काढायचा तर नमुना वाळूचा चालत नाही, जागेवरच्या कड्यातूनच, दिशा नोंदवून कापून घ्यावा लागतो.